झिंगन चुकला नाही, त्याला उशीर झाला

१० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात भारताने कतारला ०-० असं रोखलं. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता. सातच महिन्यांपूर्वी त्यांनी अंतिम सामन्यात जपानला ३-१ हरवलं होतं. सुनील छेत्री आजारी असल्यामुळे कप्तानाची पट्टी गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूच्या दंडावर होती. त्याच्यापुढे चौघे उभे होते. उजवीकडे मुंबईचा राहुल भेके, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई, मधोमध गोव्याचाच आदिल खान आणि चंदीगडचा संदेश झिंगन. बहुतेक वेळ चेंडू आपल्याच अर्ध्यात होता. कतारचे फटके एकामागून एक येत होते, कुणी पाय घालत होतं, कुणी डोकं, आणि उरलेलं गुरप्रीत अडवत होता. भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासात बचावाची इतकी चांगली रात्र मला दुसरी आठवत नाही.

या पाच जणांपैकी परदेशी क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळलेला त्या दिवशी एकटा गुरप्रीत होता. २०१४ ते २०१७ तो नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये होता. चारही बचावपटू घडले ते इथल्याच मैदानांवर. त्यांच्यात बाहेर टिकायची ताकद होती की नाही, हा प्रश्न त्यांच्या विशीत कुणी विचारलाच नाही. पुढे एकट्या झिंगनच्या वाट्याला तो आला, आणि तोही अठ्ठाविसाव्या वर्षी.

ऑगस्ट २०२१ मध्ये झिंगनने क्रोएशियाच्या एचएनके शिबेनिकशी करार केला. शिबेनिक हे दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीचं गाव, बास्केटबॉलपटू द्राझेन पेत्रोविचची जन्मभूमी. क्रोएशियाच्या अव्वल लीगमध्ये तेव्हा दहाच क्लब होते. झिंगनला देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून नुकताच गौरव मिळाला होता, अर्जुन पुरस्कार आदल्या वर्षीचा. इथली पक्की जागा आणि चांगला पगार सोडून तो गेला. सरावातच दुखापत झाली, ती लांबली, आणि एकही सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये तो कोलकात्याच्या एटीके मोहन बागान क्लबकडे परत आला. त्यानंतर समाजमाध्यमांवर त्याची जी टवाळी झाली ती मला आजही खटकते. फिरायला गेला होता का, इथपासून भारतीयांची लायकीच ती, इथपर्यंत लोक बोलले. आजही एखाद्या तरुण खेळाडूच्या परदेशी जाण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "झिंगनचं काय झालं ते पाहिलंत ना?"

माझं म्हणणं असं की त्या घटनेतून आपण नेमका उलटा धडा घेतला. परदेशी जाणं हा झिंगनचा योग्य निर्णय होता. तो त्याला दहा वर्षं उशिरा घ्यावा लागला, आणि या उशिराला आपले क्लब, आपला फुटबॉल महासंघ आणि आपण प्रेक्षक जबाबदार आहोत.

पुरावा म्हणून जपानच्या माया योशिदाकडे बघा. तोही सेंटर-बॅक, म्हणजे मधोमध उभा राहणारा बचावपटू. जानेवारी २०१० मध्ये नागोया ग्रँपस सोडून तो नेदरलँड्सच्या व्हीव्हीव्ही-व्हेन्लो या तळाशी झगडणाऱ्या छोट्या क्लबमध्ये गेला. गेल्या गेल्या दुखापत झाली आणि पहिला सामना खेळायला वर्षाचा उत्तरार्ध उजाडला. म्हणजे सुरुवात झिंगनसारखीच. पण योशिदा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. क्लबला थांबायला परवडत होतं, त्यालाही थांबायला परवडत होतं. बरा होऊन तो खेळला, २०१२ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टनला गेला, तिथे साडेसात वर्षं राहिला, मग इटलीत साम्पदोरिया, जर्मनीत शाल्के. २०२२ च्या विश्वचषकात जर्मनी आणि स्पेनला हरवणाऱ्या जपानचा तो कप्तान होता. एकविसाव्या वर्षी जी दुखापत नुसता खोळंबा ठरते, तीच अठ्ठाविसाव्या वर्षी दार बंद करते. क्लबला त्या जागी लगेच दुसरा माणूस हवा असतो आणि खेळाडूला कारकिर्दीची उरलेली वर्षं मोजावी लागतात. एरवी योशिदाच्या आणि झिंगनच्या सुरुवातीत मला फारसा फरक दिसत नाही.

बचावपटूच्या बाबतीत वय जास्तच महत्त्वाचं ठरतं. कडेने धावणारा चपळ विंगर कुठेही चमकून जातो. त्याने दहा वेळा चेंडू घालवला आणि एकदा गोल केला तरी लोक खूष. सेंटर-बॅकचा हिशेब उलटा असतो, आणि त्याचं निम्मं काम मानेने आणि तोंडाने चालतं. चेंडू समोर असला तरी क्षणाक्षणाला मान वळवून मागचा स्ट्रायकर कुठे सरकला ते पाहायचं. शेजाऱ्याला ओरडून ऑफसाइडची रेष एकदम वर न्यायची. फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, पुढे गेला की त्याची मोकळी जागा कुणी झाकायची ते चेंडू तिथे पोहोचण्याआधी ठरवायचं. प्रतिस्पर्ध्याचा पहिला स्पर्श जितका झटपट, तितकं हे सगळं लवकर करावं लागतं. हा वेग सांगून शिकवता येत नाही. रोजच्या सरावात तुमच्या अंगावर धावून येणारा माणूसच तो शिकवतो, आणि तो जितक्या लहान वयात भेटेल तितकं बरं.

आपल्याकडे त्याऐवजी काय झालं? इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, मैदानावर सहा परदेशी चालायचे. ते कमी होत २०२१-२२ पासून चारवर आले. या चारांतला एक बहुतेक संघांनी बचावाच्या मध्यभागीच ठेवला. तो बहुधा तिशी ओलांडलेला, पुष्कळ लीग पाहिलेला. रेष तो ठरवतो, आवाज त्याचा, शेजारचा भारतीय त्याचं ऐकतो. क्लबच्या दृष्टीने यात चुकीचं काही नाही, त्यांना सामने जिंकायचे असतात. पण हाच भारतीय मुलगा देशाचा निळा शर्ट घालतो तेव्हा शेजारी तो परदेशी नसतो. क्लबमध्ये ऐकणाऱ्याने देशासाठी खेळताना अचानक हुकूम सोडायचे! झिंगनला ते जमलं म्हणून तो इतकी वर्षं अपरिहार्य राहिला. दोह्यानंतर महिनाभरात तो गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला, कोलकात्यात बांगलादेशने आपल्याला १-१ असं झुंजवलं, आणि त्याच्या जागी उभा करायला आपल्याकडे कोण होतं, हे सगळ्यांना कळून चुकलं.

गंमत म्हणजे त्या काळात भारताचा प्रशिक्षक स्वतः परदेशात कारकीर्द केलेला बचावपटू होता. इगोर श्तिमाच क्रोएशियाच्या हायडुक स्प्लिटमधून स्पेनला आणि पुढे १९९५ मध्ये इंग्लंडच्या डर्बी काउंटीत गेला. डर्बीकडून त्याच्या पहिल्याच सामन्यात ट्रॅनमियरने पाच गोल चढवले. दुसऱ्या कुणाला तिथेच घरी पाठवलं असतं. डर्बीने त्याला खेळवत ठेवलं. संघ पुढे ओळीने वीस सामने हरला नाही आणि त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावात श्तिमाच होता. जेमतेम चाळीस लाखांच्या या देशाने विश्वचषकात दोनदा तिसरा आणि एकदा दुसरा क्रमांक मिळवला तो खेळाडूंना घरात कोंडून ठेवून नव्हे. तिथला क्लब मुलगा घडवतो, विकतो आणि त्या पैशातून पुढचा घडवतो.

क्रोएशिया युरोपात आहे, जपान श्रीमंत आहे, आपली त्यांच्याशी तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. मग उझबेकिस्तान घ्या. अब्दुकोदिर खुसानोव्ह, ताश्कंदचा, जन्म २००४ चा. अठराव्या वर्षी तो बेलारूसला गेला, मिन्स्कच्या एनर्गेतिक-बीजीयू क्लबमध्ये. त्या लीगचे सामने आपल्याकडे कोण पाहतं? त्या मुलाला मात्र तिथे दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध खेळायला मिळालं. वर्षभरात फ्रान्सच्या लांस क्लबने त्याला उचललं आणि जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने सुमारे चार कोटी युरो मोजून घेतलं. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला उझबेक.

त्याचा पहिला सामना चेल्सीविरुद्ध होता. तिसऱ्याच मिनिटाला त्याने डोक्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू कमी पडला, निकोलस जॅक्सनने तो हेरला, माडुएकेला दिला आणि गोल. पाठोपाठ पिवळं कार्ड. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच त्याला बाहेर घेतलं. वीस वर्षांच्या मुलासाठी याहून वाईट सुरुवात कल्पनेतही आणवत नाही. पण त्याच्यामागे मिन्स्क होतं, लांस होतं, चुका करून पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायची सवय होती. काही आठवड्यांतच तो सिटीच्या बचावात पुन्हा दिसू लागला आणि त्याच वर्षी जूनमध्ये उझबेकिस्तान पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई करंडकात याच देशाने आपल्याला ३-० हरवलं होतं. त्या स्पर्धेत आपण तीन सामने खेळलो आणि एकही गोल करू शकलो नाही.

उझबेक मुलाला बेलारूसमध्ये रशियन भाषेचा आधार असतो, हे मान्य. बचावपटूला तर तो मोठाच, कारण ज्याला ओरडून सांगता येत नाही तो मधोमध उभा राहू शकत नाही. आपल्या मुलांसाठी असे भाषेचे दरवाजे कोणते? पहिलं नाव इंग्लंडचं सुचतं आणि तिथेच गाडी अडते. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने छेत्रीला करार दिला होता. भारताचं फिफा क्रमवारीतलं स्थान पाहून त्याला वर्क परमिट नाकारलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर आपण १४० च्या पुढे घसरलो होतो. पुण्याचा वेंकीज समूह २०१० पासून ब्लॅकबर्न रोव्हर्सचा मालक आहे, कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथे प्रशिक्षणासाठी जाऊनही आला, पण आपल्या माणसाचा क्लब असूनही हा नियम ओलांडता येत नाही. नेदरलँड्समध्ये युरोपाबाहेरच्या खेळाडूला कायद्याने इतका मोठा किमान पगार द्यावा लागतो की छोटे क्लब आपल्या मुलांकडे वळूनही बघत नाहीत. उरतात क्रोएशिया, सर्बिया, चेक प्रजासत्ताक, पोर्तुगालच्या खालच्या लीग, आणि आशियाई फुटबॉलमध्येच ऑस्ट्रेलिया, थायलंड, खुद्द उझबेकिस्तान. या यादीत झगमगाट नाही, पण शिकायला जागा आहे.

गोव्याच्या मुलांपुढे आणखी एक पेच असतो. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले असतील तर पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, युरोपचे सगळे दरवाजे उघडतात, परदेशी खेळाडूंच्या मर्यादेतही तो मोजला जात नाही. पण तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं आणि त्याबरोबर निळा शर्टही. विशीच्या पोराला हा निर्णय घ्यायला लावणं क्रूर आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्यायचं का, यावर आपण वर्षानुवर्षं वाद घालतो. घरातून निघू पाहणाऱ्या मुलाची ही अडचण मात्र क्वचितच कुणी बोलून दाखवतं.

आता पैशाचं. आयएसएलमधल्या नामवंत भारतीय खेळाडूची वर्षाची कमाई कोटीच्या घरात जाते. फुटबॉलपटूची कारकीर्द पस्तिशीपर्यंत संपते आणि गुडघा त्याआधी कधीही दगा देतो. घर बांधायचं असतं, बहिणीचं लग्न असतं. अशा माणसाला हे सगळं सोडून एका चतुर्थांश पगारावर शिबेनिकला जा, असं सांगायचा मला अधिकार नाही, आणि जो जात नाही त्याला मी भित्रा म्हणणार नाही. भेकेसारखा खेळाडू इथेच राहून मोठा झाला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये त्याच्या हेडरवर मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, तो दिवस मुंबईकर विसरणार नाहीत.

पण हा कोटीचा आकडा पंचविशीनंतरचा आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला इथे मिळतात ते काही लाख, आणि बाकावरची जागा. मिन्स्क किंवा झाग्रेबच्या दुसऱ्या फळीतल्या क्लबमध्येही साधारण तेवढंच मिळेल. त्या वयात सोडायचं असतं ते फार थोडं. जसजसा तो मोठा होतो तसतसं सोडायचं ओझं वाढत जातं. मुलींकडे पाहिलं की हे स्पष्ट होतं. देशात सोडण्यासारखा पगारच नव्हता, म्हणून मनीषा कल्याण विशीत सायप्रसच्या अपोलॉन लेडीजमध्ये गेली आणि २०२२ मध्ये युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. तिच्या पिढीने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई करंडक गाठला.

"तिकडे जाऊन बाकावर बसण्यापेक्षा इथे खेळलेलं काय वाईट?" हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, तीन वर्षांत फार खेळू शकला नाही. गुरप्रीतही स्टाबेकमध्ये बराच काळ दुसरा गोलरक्षक होता. पण परत आलेला गुरप्रीत पाहा. रोज युरोपीय स्ट्रायकरचे फटके झेलून आलेला हा माणूस दोह्यात कप्तान म्हणून उभा राहिला. बाक वाईटच, पण इथेही वीस वर्षांचा सेंटर-बॅक बाकावरच असतो, आणि इथल्या सरावात त्याला तो वेग भेटत नाही. गोलरक्षकाला जे साधलं ते बचावपटूलाही साधेल, मात्र बाकाची वर्षं विशीत काढायला हवीत.

शिवाय घरची सुरक्षितता म्हणून आपण जे सांगत होतो तिचा भरवसाही आता राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला आणि तो फेब्रुवारी २०२६ पर्यंत रखडला. त्याच काळात, ऑक्टोबरमध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवून आशियाई करंडकाच्या शर्यतीतून बाहेर काढलं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं. त्या वेळी राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावलेला अबनीत भारती हा बचावपटू चेक प्रजासत्ताक, बोलिव्हिया असे देश पालथे घालत एकट्याच्या हिमतीवर खेळत आला होता. त्याला बोलावलं याचा मला आनंद आहे. मात्र तो सत्ताविशीला पोहोचेपर्यंत त्याची आठवण का झाली नाही, हे महासंघाने सांगायला हवं. परदेशात गेलो तर राष्ट्रीय निवड समितीच्या नजरेआड होऊ, ही भीती खेळाडूंमध्ये आहे, आणि ती खोटी नाही.

करायचं काय, ते अवघड नाही. फिफाच्या नियमाने अठरा पूर्ण होण्याआधी सहसा परदेशी करार होत नाही, म्हणून खरी वेळ अठरा ते एकवीस. या वयाच्या मुलाशी करार करताना प्रत्येक आयएसएल क्लबने त्यात एक कलम घालावं: परदेशी क्लबची मागणी आली तर ठरलेल्या माफक रकमेत सोडू. तेवीसच्या आतला खेळाडू घेताना नव्या क्लबला त्याला घडवणाऱ्या क्लबना भरपाई द्यावी लागते आणि बाल्कनमधल्या छोट्या क्लबला ती जड जाते. ती माफ करून त्याऐवजी पुढच्या विक्रीत वाटा मागावा. खुसानोव्हच्या पुढच्या प्रत्येक विक्रीचा आकडा डोळ्यांपुढे आणला की या वाट्याचं मोल कळेल. महासंघाने एक माणूस फक्त परदेशातल्या भारतीय खेळाडूंचे सामने पाहायला नेमावा, दर महिन्याला त्यांच्याशी बोलावं, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च उचलावा. शिबेनिकमध्ये झिंगन जखमी झाला तेव्हा अशी काही व्यवस्था असती तर तो कदाचित थांबला असता.

यात महाराष्ट्राचाही स्वार्थ आहे. पेठापेठांतल्या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून टाकणाऱ्या कोल्हापुरात बचाव करणारी धिप्पाड, निडर पोरं कमी नाहीत. खेळाडू कराराच्या मुदतीत एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेचे पाच टक्के त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. हा पैसा फक्त ज्यांच्याकडे त्या मुलाची रीतसर नोंदणी आहे त्यांनाच मिळतो. कोल्हापूर, पुणे, नागपूर, मुंबईतल्या किती तालमी आणि क्लब बारा-तेरा वर्षांच्या मुलांची नोंदणी महासंघाच्या यंत्रणेत दरवर्षी करतात, हे जिल्हा संघटनांनी या हंगामाआधी तपासावं, आणि जिथे होत नाही तिथे स्वतः बसून फॉर्म भरून घ्यावेत.